शेवटची सहा पानं : कायदेवाल्याची चित्रमालिका संपवण्याची रीत

बिघडलेल्या भविष्यातलं शहर आणि त्यात शिपाई, न्यायाधीश, फाशीगार असं सगळं एकटाच असलेला माणूस. अशी चित्रमालिका सुरू करणं सोपं असतं. गणवेश, पाऊस, अंधार आणि पहिल्याच पानावर एक निवाडा, एवढ्या भांडवलावर पाच-सहा भाग सहज निघतात. गाडं अडतं ते शेवटी. खलनायक मरणार हे वाचकाला तोवर कळून चुकलेलं असतं, आणि लिहिणाऱ्याकडेही त्यापलीकडे सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं.

इथली रीत बारा भागांच्या, दर भागाला सहा पानं असलेल्या कथेसाठी आहे. उदाहरणापुरती एक कल्पित मालिका घेऊ. साल २१४९. समुद्र चढलेला. रेवसपासून रेड्डीपर्यंत किनाऱ्याला एक सलग भिंत, आणि तिच्या आड सागरकोट नावाचं लांबट शहर. कायदा राखतात ते कौलदार. गुन्हा घडला तिथेच कौलदार कौल देतो, त्यावर अपील नाही. नायक कौलदार परब. भिंतीला मुद्दाम खांड (भगदाड) पाडणाऱ्या एका टोळीच्या मागावर तो अकरा भाग फिरतो आहे. आता बारावा लिहायचा आहे.

खलनायक पडला म्हणजे कथा संपली नाही

या प्रकाराचं मूळ पीठ म्हणजे ‘२००० एडी’ या ब्रिटिश साप्ताहिकातला जज ड्रेड. लेखक जॉन वॅग्नर आणि चित्रकार कार्लोस एझकेरा यांनी घडवलेलं हे पात्र मार्च १९७७मध्ये दुसऱ्या अंकात आलं आणि अजून चालू आहे. दर आठवड्याला पाच-सहा पानं आणि मोठी कथा वीस-पंचवीस आठवड्यांची, त्यामुळे शेवटाचे प्रयोग तिथे भरपूर झाले. त्यातले तीन-चार समोर ठेवून काम करा.

‘द जज चाइल्ड’ (१९८०) सव्वीस भाग चालली. ज्या मुलाच्या हातून शहर वाचेल असं भाकीत असतं, त्याला शोधत ड्रेड अंतराळ पालथं घालतो. मुलगा सापडतो, तेव्हा हा दुष्ट आहे असा निवाडा देऊन ड्रेड त्याला तिथेच सोडतो आणि रिकाम्या हाताने परततो. ‘द डे द लॉ डाइड’ (१९७८-७९) मध्ये वेड्या मुख्य न्यायाधीशाचा अंत ड्रेडच्या हातून होतच नाही. फर्गी नावाचं एक दांडगट दुय्यम पात्र त्याला घेऊन खाली कोसळतं. ‘द अपोकॅलिप्स वॉर’ (१९८२) मध्ये ड्रेड स्वतः बटण दाबून शत्रूचं अख्खं शहर संपवतो. युद्ध जिंकलं जातं, पण त्याच्या स्वतःच्या शहराची वस्ती ८० कोटींवरून ४० कोटींवर आलेली असते. त्या बटणाची वसुली तीस वर्षांनी ‘डे ऑफ केऑस’ (२०११-१२) मध्ये होते, आणि तिच्या शेवटी ड्रेड सरळसरळ हरतो.

चारही ठिकाणी शत्रूचं काय झालं हे दुय्यम आहे. कायदेवाल्याने कोणता निवाडा दिला आणि त्याची किंमत कोणी मोजली, यावर शेवट उभा आहे. आपल्या वाचकाला हे शिकवावं लागत नाही. दशावतारात राक्षस मारला की कोणी उठून जात नाही, दहीकाला होईपर्यंत माणसं बसून असतात. तुमच्या चित्रकथेतही वधानंतर तीन पानं हवीत. बहुतेक हौशी मालिकांत तिथे एकच चौकट असते, पाठमोरा नायक आणि उगवता सूर्य. ती काढून टाका.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. ड्रेडचं शिरस्त्राण, बिल्ला, ठरलेली वाक्यं यातलं काहीही उचलू नका. २००० सालापासून हे हक्क रिबेलियन या कंपनीकडे आहेत. आणि आपल्याकडे इरलं असताना दुसऱ्याचं शिरस्त्राण हवंच कशाला? इरल्याच्या आकाराचं पाठकवच घातलेला कौलदार पन्नास फुटांवरून, नुसत्या काळ्या आकृतीवरून ओळखता येतो. शिमग्यातल्या संकासुराची उंच टोपी मात्र त्याच्या डोक्यावर नको. कोकणातला वाचक हसेल, आणि ते हसू शेवटच्या पानापर्यंत पुसलं जाणार नाही.

आधी चिठ्ठ्या

बारावा भाग लिहायला बसण्याआधी अकरा भाग वाचा. वाचकाला दिलेलं प्रत्येक आश्वासन वेगळ्या चिठ्ठीवर उतरवा. दुसऱ्या भागात हरवलेली होडी, चौथ्यात न उघडलेलं पाकीट, सहाव्यात ‘नंतर सांगतो’ म्हणून गेलेला माणूस. साधारण बारा ते अठरा चिठ्ठ्या निघतात. त्यापेक्षा जास्त निघाल्या तर अकरावा भाग पुन्हा लिहावा लागेल हे धरून चाला.

कृतीतून सुटतील असे धागे जास्तीत जास्त चार ठेवा. सहा पानांत त्याहून जास्त मावत नाहीत. चार-पाच धागे नुसत्या चित्रात सुटू द्या. हरवलेल्या होडीचं नाव रंगवलेली फळी पुरात तरंगताना चौकटीच्या कोपऱ्यात दिसली की पुरे, संवाद नको. एक धागा, फक्त एक, मुद्दाम उघडा ठेवा. उरलेल्यांपैकी ज्याचं उत्तर दिल्यावाचून चालणारच नाही, त्याला अकराव्या भागात एखादं वाक्य द्या. बाराव्यात स्पष्टीकरणाला जागा नाही. खलनायकाने बांधलेल्या नायकाला सगळा कट समजावून सांगणं ही या प्रकारातली सर्वांत जुनी चूक आहे, आणि ती चिठ्ठ्या न काढल्यामुळेच होते.

सर्वांत महत्त्वाची चिठ्ठी कलमाची. ज्या नियमाने शेवट होणार तो नियम वाचकाने आधी दोनदा पाहिलेला असला पाहिजे. एकदा पहिल्या तीन भागांत, अगदी क्षुल्लक प्रसंगात. दुसऱ्यांदा सातव्या-आठव्या भागात, दुसऱ्या कोणाच्या तोंडून. आपल्या उदाहरणात तो आहे कलम ४१ : ‘भिंतीबाहेरच्याला कायद्याचं संरक्षण नाही.’ दुसऱ्या भागात परब हे कलम सांगून एका तस्कराला हाकलतो. सातव्यात त्याची शिकाऊ कौलदार तेच घोकते. दोन्ही वेळा वाचक पुढे सरकतो. बाराव्यात ते परत आलं की तो मागची पानं उलटून बघतो. कलम पहिल्यांदाच शेवटच्या भागात आलं तर तीच फसवणूक वाटते.

निवाडा

उधाणाची रात्र. बाहेरकाठ्याला, म्हणजे समुद्राकडच्या बाहेरच्या भिंतीला, खांड पडली आहे. आतली भिंत वाचवायची तर मधली मोठी उघाडी (भिंतीतला पाणी अडवायचा दरवाजा) बंद करावी लागेल. पण दोन भिंतींच्या मध्ये बंदरवाडा आहे, आणि उघाडी बंद होताच तो कलम ४१ प्रमाणे भिंतीबाहेर जातो. टोळीचा म्होरक्या आत, बेड्या घालून सुरक्षित. बंदरवाड्यात टोळीतल्या एका पोराची म्हातारी आई.

इथे तीन शेवट सहज सुचतात आणि तिन्ही टाकाऊ आहेत. परब उघाडी बंद करतो आणि रडतो : अश्रू ही किंमत नव्हे. परब कलम मोडून सगळ्यांना वाचवतो : मग अकरा भाग त्याने कायद्यासाठी जे केलं ते पोकळ ठरतं. परब उघाडीबरोबर बुडून मरतो : हा सर्वांत मोहाचा, म्हणूनच सर्वांत स्वस्त. मेलेल्या माणसाला काही भोगावं लागत नाही.

चालतो तो शेवट असा. परब कलम पाळतो आणि उघाडी बंद करतो, पण बाहेरच्या बाजूने. चाक फिरवताना तो स्वतः भिंतीबाहेर उभा आहे. उघाडी बसताक्षणी तो कौलदार राहत नाही. वाडा अर्धा वाचतो, तोही वाचतो. आणि सकाळी त्याला ज्या कायद्याला तोंड द्यायचं आहे तो त्याचाच आहे.

तुमच्या कथेचा निवाडा वेगळा असेल, पण कसोटी हीच लावा. नियम आधी दाखवलेला आहे का? निवाडा देणाऱ्यालाच तो बांधतो का? आणि नाव असलेल्या एखाद्या पात्राची त्यात हानी होते का? तिसऱ्या प्रश्नावर बरेच जण ‘शेकडो लोक बुडाले’ असं उत्तर देतात. शेकडो लोक चित्रात ठिपके असतात. म्हातारी हवी.

त्यानंतरच्या तीन पानांत वाड्याचं काय होतं ते दाखवा. लोकांचा राग म्हणजे दगडफेक आणि जाळपोळ हे दृश्य झिजून गेलं आहे. अलिबागजवळच्या चरी गावात कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं खोतांच्या जमिनी कसायचं नाकारलं होतं. हात न उचलता नुसतं न करणं चित्रात फार भेदक दिसतं. शिरगणतीसाठी नवी कौलदार नावं पुकारते आहे, माणसं समोर उभी आहेत आणि कोणी हजेरी देत नाही. चार चौकटी, संवादाचा फुगा एकच.

पानांचं गणित

शेवटचे तीन भाग एकत्र एका पुस्तिकेत काढा. दहा, अकरा, बारा मिळून अठरा पानं होतात. आतली वीस पानं आणि चार पानांचं आवरण असा मेळ बसतो. मधे पिन मारायच्या पुस्तिकेत पानं चारच्या पटीत लागतात, हे आधी ठरवलं नाही तर शेवटी दोन कोरी पानं उरतात आणि त्यावर घाईने काहीतरी छापलं जातं.

आतलं पहिलं पान मागील भागांच्या सारांशाला आणि श्रेयनामावलीला द्या. कथा दुसऱ्या पानावर, म्हणजे डावीकडे सुरू होते. त्यामुळे कथेची विषम पानं (१, ३, ५… १७) नेहमी डावीकडे येतात, म्हणजे पान उलटल्यावरच दिसतात. धक्का तिथेच द्यायचा. निवाडा कथेच्या पंधराव्या पानावर ठेवा. चौदाव्याच्या शेवटच्या चौकटीत हात चाकावर, पान उलटलं की उघाडी बंद. हाच निवाडा सोळाव्यावर गेला तर वाचकाची नजर पंधरावं वाचताना उजवीकडे जाते आणि सगळा दम निघून जातो.

वीस पानी पुस्तिकेचा मध्य दहाव्या-अकराव्या पानावर येतो, म्हणजे कथेच्या नवव्या-दहाव्या पानावर. ही दोन पानं एकाच कागदावर सलग छापली जातात. खांड फुटून पाणी आत घुसतं ते जोडपानी चित्र इथेच घ्या. दुसऱ्या कुठल्याही जोडपानात डावं-उजवं वेगवेगळ्या कागदांवर असतं, घडीत दोन मिलिमीटर सरकतं आणि नेमका चेहरा तुटतो.

बाराव्या भागाच्या सहा पानांना चौकटी अशा वाटा : ६, ७, २, ५, ५, ३. एकूण अठ्ठावीस. सात चौकटींच्या पानावर श्वास कोंडतो, म्हणूनच दोन चौकटींचं पुढचं पान मोठं वाटतं. प्रत्येक पानाला एकच भलंमोठं चित्र देण्याचा मोह चित्रकारांना शेवटच्या भागात हमखास होतो. सगळीच पानं मोठी झाली की कुठलंच मोठं राहत नाही.

कच्चा आराखडा तळहाताएवढ्या चौकोनांत करा आणि फुगे त्यातच बसवा. फुगे शेवटी कुठेतरी घुसवू म्हटलं की ते डोक्यावर किंवा हातावर येतात.

कोण कसं बोलतं

परब प्रमाण मराठीत, तुटक बोलतो आणि सगळ्यांना ‘नागरिक’ म्हणतो. अकरा भाग त्याने कोणालाही नात्याने हाक मारलेली नाही. म्हातारी मालवणीत बोलते आणि त्याला अरे-तुरे करते. ‘कायदो तुजो, झील माजो,’ एवढंच तिचं वाक्य. सतराव्या पानावर, तो कौलदार उरलेला नसताना, ती त्यालाही ‘झिला’ म्हणते आणि तो तिला ‘आये’ म्हणतो. भावनेचा सगळा खर्च इथे एकदाच करायचा.

किनाऱ्याची एकच एक बोली नाही. मालवणी, संगमेश्वरी, आगरी, कोळी या बोली एकमेकींत कालवू नका. रेवस ते रेड्डी असं लांब शहर असेल तर पात्र कुठल्या टोकाचं आहे ते ठरवा आणि त्या भागातल्या माणसाकडून संवाद मोठ्याने वाचून घ्या. मोठ्यानेच. डोळ्यांनी वाचताना चुकीचा प्रत्यय निसटतो, तोंडात आला की अडतो.

शिरस्त्राणामुळे डोळे दिसत नाहीत, ही या प्रकाराची अडचण आणि ताकद दोन्ही. ड्रेडचा पूर्ण चेहरा वाचकाला दाखवायचा नाही हा नेम त्या मालिकेने सांभाळला आहे. हनुवटी, ओठांची रेघ आणि हात, एवढ्यावर काम भागवावं लागतं. शेवटच्या भागात नायकाचं शिरस्त्राण काढायचंच असेल तर चेहरा पाठमोरा ठेवा किंवा सावलीत. हातांचा सराव मात्र वेगळा करा. चाकावरची पकड फसली तर निवाड्याचं पान फसतं.

समुद्र चुकवू नका

किनाऱ्यावरचा वाचक रेषेतली चूक माफ करतो, पण भरतीची करत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आपल्याकडे भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास भरते, आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आगेमागे येते. उधाणाची रात्र आणि मध्यरात्री सुकी पुळण असं चित्र काढलंत तर पहिली हरकत मच्छीमाराच्या पोराची येईल. उलट याचाच उपयोग करा. संध्याकाळी सहाला खाजण उघडं, मग सहा तास पाणी चढतंय. दहावा ते बारावा भाग या सहा तासांत बसवला तर घड्याळ दाखवावं लागत नाही. एकाच पायरीच्या खुणेवर पाणी कुठवर आलंय ते चार वेळा दाखवा. दर दिवशी भरती साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा कथा दोन रात्री चालत असेल तर तेवढा फरक धरा.

दिशा पक्की करा. समुद्र पश्चिमेला. चौकटीत आपण उत्तरेकडे बघत असू तर समुद्र डावीकडे, दक्षिणेकडे बघत असू तर उजवीकडे. पावसाळी वारा समुद्रावरून येतो, म्हणून उत्तरेकडे बघताना पावसाच्या रेघा डावीकडून वरून उजवीकडे खाली येतात. पानभर रेघा एकाच कोनात मारू नका. जवळच्या रेघा लांब आणि विरळ, दूरच्या आखूड आणि दाट. काळ्यावर पाऊस काढायला पांढरं गौश (अपारदर्शक जलरंग) पातळ ब्रशने लावा. जेल पेनची रेघ ओलसर हवेत पुसली जाते.

२१४९ची वास्तू काढताना जांभा विसरू नका. भिंत काँक्रीटची असली तरी तिच्या पायाशी जुने चिरे, त्यांची छिद्रं, शेवाळ. या छिद्रांना ठिपक्यांची पोत दिली की तेच शहर कोकणातलं वाटतं. नाहीतर ते कुठलंही.

कागद, शाई आणि पावसाळा

मूळ चित्रं ए३ कागदावर, छपाई ए४ला. कागदावर २८० × ३९६ मिमीची कापरेषा आखा, बाहेर चारही बाजूंना ४ मिमी जास्तीचं चित्र (२८८ × ४०४) आणि आत १४ मिमी सोडून सुरक्षित चौकट (२५२ × ३६८). हे ७५ टक्क्यांवर आणलं की नेमकं ए४ होतं आणि बाहेरचे ४ मिमी ३ मिमी होतात. ए३ची पूर्ण कड वापरून चित्र काढलं तर कापायला जास्तीचं काही उरत नाही, आणि कडेला पांढरी रेघ येते.

कागद १८० ते २०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन), गुळगुळीत. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर हवेतली आर्द्रता बऱ्याचदा ८५-९० टक्क्यांच्या घरात असते. कागद पाणी ओढतो, तंतू फुगतात, पेन्सिलची टोकदार रेघ खड्डा पाडते आणि त्या खड्ड्यात शाई पसरते. कडक निब असेल तर तंतू उपटून निबेत अडकतात. म्हणून पावसाळ्यात पेन्सिल एचबी किंवा बी, हात हलका. कोरे कागद घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि कामाला लागेल तेवढाच ताव बाहेर काढा. जेल रंग बदलणारं घ्या. रंग उतरला की मंद आचेवर तव्यात तापवून परत वापरता येतं. तो तवा मग स्वयंपाकाला घेऊ नका.

शाई जलरोधक. बारीक रेषांना ०.३ आणि ०.५चं पेन, कडांना ०.८, मोठ्या काळ्या भागांना सहा नंबरचा ब्रश. ७५ टक्क्यांवर ०.३ची रेघ जेमतेम ०.२२ मिमी उरते, त्याहून बारीक काही काढू नका. मोठा काळा भाग एका हातात भरला की ताव वाकतो. चारही कडा फळीला कागदी टेपने चिकटवा आणि दोन पातळ हात द्या. उन्हाळ्यात अर्ध्या तासाने पेन्सिल खोडता येते, पावसाळ्यात रात्रभर थांबा. घाईने रबर फिरवलं की काळा करडा होतो, आणि स्कॅनमध्ये तिथे डाग येतात.

ए३ स्कॅनर नसेल तर ए४वर दोन भागांत घ्या, दीड सेंटिमीटर भाग सामाईक ठेवून. ६०० डीपीआय, ग्रेस्केल. मग निव्वळ काळं-पांढरं करा. स्कॅनरच्या काचेखाली बुरशी चढते आणि प्रत्येक पानावर त्याच जागी ठिपके दिसतात. दोष शाईत शोधण्याआधी कोरा कागद स्कॅन करून बघा. वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून प्रत्येक पान पुरं होताच दुसऱ्या डिस्कवर उतरवा.

अक्षरं

सर्वांत जास्त मालिका इथे मार खातात. देवनागरीला वर आणि खाली मात्रा लागतात, त्यामुळे रोमन लिपीच्या मापाचे फुगे पुरत नाहीत. छापील अक्षर ९.५ पॉइंट, ओळींतलं अंतर १३ ते १३.५. एका फुग्यात वीस शब्दांवर जाऊ नका, पानावर एकशेवीसवर. शब्द ओळीअखेर तोडायचा नाही, म्हणून फुगा उंच नको, रुंद हवा. हा आकार कच्च्या आराखड्यातच धरा.

टाइप निवडताना ‘गाऱ्हाणं, कुऱ्हाड, तऱ्हा, शेतकऱ्याला’ एवढे शब्द टाइप करून बघा. र्‍याची कोयरी नीट आली नाही तर तो टाइप मराठीसाठी निरुपयोगी. मुक्ता आणि बालू हे दोन्ही टाइप ‘एक टाइप’ या संस्थेचे, मुक्त परवान्याचे. हस्ताक्षरी ढंगासाठी ‘कलम’ नावाचा टाइप आहे. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाचा कंपोझर ‘वर्ल्ड-रेडी’ करा आणि भाषा मराठी ठेवा. तसं नसेल तर वेलांटी चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं फुटतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या टाइपात काम करू नका. पुढे एक शब्द बदलायचा झाला तरी डोकेदुखी.

ओरडणं दाखवायला देवनागरीत मोठी लिपी नाही, आणि तिरकं केलेलं अक्षर केविलवाणं दिसतं. ठळक आणि एक-दोन पॉइंट मोठं करा, फुग्याला टोकं काढा. आवाज हाताने रेखाटा : खांड फुटते तो ‘धडाऽड’, चिखलातला पाय ‘पचक’, चाक फिरतं तो ‘घ्घ्घ्र…’. लांबवायला अवग्रह (ऽ) वापरा, इंग्रजी एस नव्हे. निवाड्याच्या पानावर मात्र आवाजाचं एकही अक्षर नको.

छपाईला देताना

फाइल पीडीएफ, रेषाचित्र काळ्या-पांढऱ्यात, अक्षरं वेगळ्या थरावर आणि फक्त काळ्या शाईत. चार रंगांच्या मिश्रणातून काळं अक्षर आलं तर कडा धूसर होते. जास्तीच्या चित्रासह छापायचं असेल तर ए३ पुरत नाही, एसआरए३ (३२० × ४५० मिमी) सांगा. आत ८० ते १०० जीएसएम मॅपलिथो, आवरण २२० ते २५०. आतला कागद ७०चा घेतला की काळे भाग मागून दिसतात, आणि निवाड्याच्या पानामागे कुणाचं तरी भूत उभं राहतं. आवरणाला मॅट लॅमिनेशन करा. पावसाळ्यात एकाच बाजूने केलेलं लॅमिनेशन गुंडाळी घेतं, तेव्हा छापून आल्यावर गठ्ठ्यांवर दोन दिवस सपाट वजन ठेवा.

नमुना प्रत हातात घेतल्याशिवाय पुढची छपाई सुरू करू देऊ नका. पडद्यावर पीडीएफ पाहून काम होत नाही. नमुन्यात चार गोष्टी बघायच्या : पंधरावं पान पान उलटल्यावरच येतं का, जोडपान मध्यावरच आहे का, कडेचं जास्तीचं चित्र कापलं गेलंय का, आणि कुठल्या फुग्याची मात्रा वरच्या रेघेला चिकटली आहे का. मुखपृष्ठावर पाणी चढलेली भिंत चालेल, उघाडीबाहेर उभा परब नको. शेवट आवरणावर देऊन टाकणारे अंक कमी नाहीत.

आतल्या विसाव्या पानावर पुढच्या कथेची जाहिरात न करता शहराची नोंद करा. कोण मेलं, काय पडलं, किती वस्ती उरली, कोणतं कलम बदललं, कोण कुठल्या पदावर आहे. ड्रेडच्या जगात काळ वाचकाच्या काळाबरोबर चालतो (१९७७ला तिथे २०९९ होतं), आणि ओढवलेलं नुकसान पुसलं जात नाही. म्हणूनच तीस वर्षांनी सूड उगवता आला. तुमचीही नोंद छापील असली की पुढच्या कथेत पडलेली भिंत आपोआप उभी राहत नाही. हीच नोंद तुमच्या वहीत जास्त तपशिलाने ठेवा : परबची कोणती बोटं तुटली, डावी की उजवी.

आणि प्रती पाठवताना पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे, आधी वर्तमानपत्रात, मग जाड प्लास्टिकमध्ये, तोंड टेपने बंद. एसटीच्या पार्सलमधून पावसात जाणारा गठ्ठा नुसत्या सुतळीने बांधला तर खालच्या पाच प्रती फुगलेल्याच पोचतात.